बोटीवरच्या माणसाने दुपारी थांबायचं कुठे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ऑक्टोबरच्या उन्हाळ्याची चौकट आली होती. दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, तहान नसली तरी पाणी प्या. चौकट कामाची वाटली म्हणून कापून दुकानात लावली. आमचा दादा बोट लावून आला, चहा पिता पिता त्याने ती वाचली आणि म्हणाला, “घराबाहेर पडू नका म्हणतात. आम्ही पाच-पाच दिवस घरात येतच नाही, बाय. आमचं काय लिहिलंय?” काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

माझं दुकान मुंबईतल्या वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) कोळीवाड्यात. मिक्सर, पंखे, मोटार रिवाइंडिंग. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोटींची वायरिंग. वडील तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, होते, दादा तांडेल आहे, मी आयटीआय केलं. नारळी पौर्णिमेच्या आधीचे पंधरा दिवस मला जेवायला फुरसत नसते. बोटींच्या पोटात शिरून काम करत असल्यामुळे त्या आतून किती तापतात हे मला खलाशांइतकंच माहीत आहे, फक्त मी संध्याकाळी घरी येते.

ट्रॉलरची केबिन मागच्या बाजूला आणि तिच्या खालीच इंजिन. झोपायच्या फळ्या याच केबिनमध्ये. इंजिन बंद केलं तरी ते दोन-तीन तास गरम असतं आणि ती धग फळीतून, चटईतून पाठीला लागते. पत्रा मारलेलं छप्पर दिवसभराचं ऊन वरून सोडत असतं. त्यात डिझेलचा वास, कोपऱ्यात भंडाऱ्याचा (स्वयंपाक्याचा) स्टोव्ह, आणि एक खिडकी, जिला बहुधा कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. मासळी बर्फात आणि माणसं वाफेवर, असा सगळा थाट.

लोकांना वाटतं समुद्रात वारा असतो, त्यांना कसलं गरम होतंय? चालत्या बोटीवर वारा असतो, खरं आहे. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून दर्याकडे जाणारा वारा, सुटली की दर्यावर झोपायला मजाच येते. पण पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमाराला मुंबईतून निघतो, आभाळ मोकळं होतं, हवेत दमटपणा तेवढा उरतो, आणि दर्याकडून येणारा खारा वारा पडून मतलई सुरू होईपर्यंत मधले काही तास पान हलत नाही. आणि सगळ्यात वाईट जागा दर्यात नाहीच, ती धक्क्याला आहे. मासळी उतरवायला, बर्फ-डिझेल भरायला बोटी एकीला एक चिकटून उभ्या राहतात. दोन्ही अंगाला दुसऱ्या बोटींच्या भिंती. इंजिन बंद. रात्रभर नंबर लागायची वाट बघायची आणि त्याच केबिनमध्ये पडायचं. डेकवर झोपावं तर जाळी, रश्शी, टोपल्या. जागा मिळाली तर डास. डोलीच्या, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात लावायच्या जाळ्याच्या, बोटीवर तर झोपच भरती-ओहोटीच्या हिशोबाने तुकड्या-तुकड्यांनी मिळते. त्यातला दुपारचा तुकडा घामात गेला की तो गेलाच.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या बोटीवर एका खलाशाला पहाटे जाळं ओढताना भोवळ आली. जाळं ओढायच्या यंत्राच्या, विंचच्या, बाजूलाच होता. शेजारच्याने कॉलर धरून मागे खेचला म्हणून हात वाचला. तीन रात्री धड झोपला नव्हता, एवढंच कारण. घरी आल्यावर दादा म्हणाला, पंखा लावायचा. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, म्हणाला, पंखा ही चैन आहे. मग दादाने नाखव्याला न विचारता घरातलाच टेबल फॅन उचलला, एक जुना इन्व्हर्टर आणला आणि बोटीच्या बॅटरीवर जोडला. मलाही विचारलं नाही, हे मुद्दाम लिहिते.

पंखा झकास चालला. पहाटे स्टार्टर मारला तर नुसतं ‘टक’. वायरलेस बंद, जीपीएस बंद. शेवटी दुसऱ्या बोटीने दोरी टाकून ओढत आणलं. नाखव्याने ते अजून सोडलेलं नाही, गणपतीत आरती झाल्यावरही काढतो.

बोट लागल्यावर मी मीटर घेऊन बसले. घरचा टेबल फॅन ५०-५५ वॉटचा. इन्व्हर्टरमध्ये जी वीज वाया जाते ती धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ ५ अँपिअर जात होते. रात्रीचे नऊ तास धरा, पाच गुणिले नऊ, ४५ अँपिअर-अवर. बॅटरीवर १०० अँपिअर-अवर लिहिलं असलं तरी शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते आणि तीन वर्षं जुन्या बॅटरीत १०० उरलेलेही नसतात. वर मास्टचा दिवा, जीपीएस, वायरलेस. स्टार्टरला काय राहणार?

मग लॅमिंग्टन रोडला जाऊन १२ व्होल्टवर थेट चालणारे दोन लहान बीएलडीसी पंखे, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, आणले. मधल्या स्पीडला एक पंखा ०.६ अँपिअर घेतो. दोन पंखे, नऊ तास, मिळून ११ अँपिअर-अवरच्या आत. म्हणजे घरच्या एका पंख्याच्या चौथाई विजेत दोन माणसं झोपतात. वारा घरच्याइतका लांब जात नाही, पण फळीवर डोकं आणि पंखा यांत अंतर असतं दीड हात. लांब जायचंय कुणाला? आणि हे पंखे क्लिपवाले आहेत, दुपारी उचलून तांडेलाच्या चाकापाशी लावता येतात.

स्टार्टिंगची बॅटरी वेगळी आणि लाइट-पंख्याची वेगळी केली, मध्ये सिलेक्टर स्विच टाकला. पंखे बॅटरी संपवतील तर आपल्या हिश्शाची संपवतील, इंजिन सुरू होणारच. खरं तर आधी ही गोष्ट करायची आणि नंतर पंखा घ्यायचा.

मोठ्या बोटींच्या नाखवांना एक सांगायचं आहे, कारण दर सीझनला तीच चूक माझ्या दुकानात येते. तुमची बोट २४ व्होल्टची असते, म्हणजे १२च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. मेकॅनिक सोयीसाठी त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा पंखा काढतो. पंखा चालतो, पण ती एक बॅटरी रोज जास्त उतरते आणि चार्जिंगला दोघींना सारखंच मिळतं. एक उपाशी राहते, दुसरी अति खाऊन उकळते. वर्षभरात दोन्ही जातात आणि दोष बॅटरीच्या कंपनीला. २४चे १२ करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो, तो लावा. प्रत्येक पंख्याला फ्यूज टाका. टर्मिनलला ग्रीस लावा. बॅटरीच्या पेटीजवळ जुना ब्रशवाला ट्रकचा पंखा लावू नका. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ब्रशच्या मोटारीत ठिणगी असते. आणि पंख्याने इंजिनरूममधली हवा केबिनमध्ये ओढून घेऊ नका. दार उघडं ठेवून तसं करणारे मी पाहिलेत, झोपलेल्या माणसाच्या नाकात धूर जातो.

लेडीज डब्यात हल्ली प्रत्येकीच्या हातात चार्जिंगचा चिमुकला पंखा असतो. माझ्या मुलीकडेही आहे, अंधेरी ते चर्चगेट ठीक आहे. बोटीवर तो एक सीझन टिकत नाही, खाऱ्या हवेने आतला स्क्रू आणि चार्जिंगची पिन गंजते. दुरुस्तीला आलेला एक उघडला तर खोक्यावर ४००० एमएएच आणि आतल्या सेलवर १२०० छापलेलं, म्हणजे सांगितल्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वीज. खलाशी पोरं पगारातून हेच घेतात, कारण बोटीचा पंखा त्यांच्या हातात नसतो.

पंखा हवा थंड करत नाही. अंगाजवळची दमट हवा हलवतो, घाम वाळतो, आणि घाम वाळला की अंग निवतं. म्हणून तो माणसाच्या अंगावरच हवा, रिकाम्या केबिनमध्ये फिरवून उपयोग नाही. आमचे आजोबा शिडाचं कापड ताणून सावली करायचे आणि उघड्या छातीवर ओला पंचा टाकायचे. ओला पंचा आणि अर्ध्या अँपिअरचा पंखा हे एकत्र करून बघा. अर्थात प्यायचं पाणी त्याला वापरू नका, खारं चालतं, सकाळी अंग चिकट होतं एवढंच.

आता मागणी. राज्यात २०२५मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्याला अनुदानातून सौर पंप मिळतो. मग आम्हाला सौर पंखा का नको? केबिनच्या छपरावर ५० वॉटचं एक पॅनेल मावतं. ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात ते दिवसाला १५च्या आसपास अँपिअर-अवर देतं, म्हणजे दोन पंख्यांची रात्र त्यात निघते आणि धक्क्याला इंजिन बंद असतानाही बॅटरी भरत राहते. पॅनेल, चार्ज कंट्रोलर, दोन पंखे, फ्यूज. सगळं मिळून बोटीच्या एका फेरीच्या डिझेलपुढे काहीच नाही. लाइफ जॅकेट जसं बोटीच्या सुरक्षेचं सामान म्हणून धरतात, तसं हेही यादीत धरावं एवढीच मत्स्यव्यवसाय विभागाला विनंती. झोप न झालेला माणूस विंचपाशी उभा करणं हे जॅकेट नसण्यापेक्षा कमी धोक्याचं नाही. आणि संपादक साहेब, पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा बोटीवरच्यांसाठी दोन ओळी टाका. मजकूर हवा असेल तर मी देईन.

नाखवा अजून पंख्याला चैनच म्हणतो. पण मागच्या महिन्यात तो स्वतः दोन दिवस बोटीवर गेला होता. परत आल्यावर दुकानात आला, इकडचं तिकडचं बोलला, आणि जाता जाता म्हणाला, तिसरा कधी लावतेस? रविवारी लावला.

आपली,
वेसावे कोळीवाड्यातली एक इलेक्ट्रिशियन