हरकतींची मुदत जत्रेच्या दिवसांत ठेवा

महोदय,

नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पासाठी सातारा जिल्ह्यातली सुरुवातीला 235 गावे रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली आली. 1966 च्या नगररचना कायद्यात प्रादेशिक योजनेवर (म्हणजे मोठ्या भागाच्या जमीनवापराच्या योजनेवर) हरकती घ्यायला किमान चार महिने दिले आहेत, विकास आराखड्याला मात्र फक्त 30 दिवस. कोयनाकाठच्या कितीतरी घरांना कुलूप असते. खातेदार मुंबईत, कोणी माथाडी कामगार, कोणी कंपनीत. राजपत्रातली सूचना त्यांच्या कानावर जाईपर्यंत महिना सरतो. आमच्या आराखड्याची हीच मुदत चैत्र-वैशाखात, गावोगावच्या जत्रा असताना का ठेवू नये? तेव्हा मुंबईकर झाडून सगळे गावी असतात. (जुलैत तर नकोच; आमच्याकडे तेव्हा वीज आणि रेंज दोन्ही देवाच्या हवाली.)

दुसरे नकाशाचे. आपल्या गटावर रहिवासी वापर पडला, रस्ता पडला की ना-विकास क्षेत्र, एवढेच शेतकऱ्याला बघायचे असते. संकेतस्थळावरची जड फाइल मोबाइलवर उघडून त्याने रंग ओळखत बसायचे, याला लोकसहभाग म्हणवत नाही. सातबाऱ्यावरचे गट नंबर टाकलेला मोठा नकाशा ग्रामपंचायतीत लावा, ग्रामसभेत नगररचनाकाराने तो समजावून सांगावा. सुनावणी तालुक्याच्या गावीच व्हावी आणि हरकत फेटाळलीच तर कारण प्रत्येकाला लेखी द्यावे.

– एक खातेदार, मेढा (जि. सातारा)