कास्तेल सांत'आंजेलो बसमधून बघायची गोष्ट नाही

मा. संपादक,

आता घरोघरी सुट्टीतल्या युरोप टूरच्या गप्पा सुरू होतील, म्हणून मुद्दाम लिहितोय. मागच्या वर्षी आम्ही दोघं ग्रुप टूरनं रोमला गेलो होतो. कार्यक्रमाच्या कागदावर कास्तेल सांत'आंजेलोपुढे फक्त "फोटो स्टॉप" लिहिलेलं, बस नदीच्या अलीकडे थांबली, तो गोल किल्ला बघा, फोटो काढा, पंधरा मिनिटांत परत या. संपलं! मला चुटपुट लागून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शॉपिंगसाठी मोकळा वेळ दिला होता तेव्हा आम्ही तिकीट काढून आत शिरलो आणि अडीच तासांनी बाहेर आलो, तेही मन मारून.

मुळात तो किल्ला म्हणून बांधलेलाच नाही, ते थडगं आहे. हेड्रियन सम्राटानं स्वतःसाठी आणि घराण्यासाठी बांधायला घेतलं, तो गेला इ.स. 138 मध्ये आणि काम पुरं झालं 139 मध्ये, त्याच्या वारसाच्या हातून. आत गेलं की विटांचा एक अंधारा चढ लागतो, गोल गोल वर जाणारा, सव्वाशे मीटर तरी असेल. सम्राटांच्या अस्थी याच वाटेनं वर नेल्या जायच्या हे कळल्यावर आमची दोघांची बडबड आपोआप थांबली. वर अस्थिकलशांची खोली, आता रिकामी. तिथे हेड्रियनची छोटीशी कविता दगडावर कोरून लावलीय, त्यात तो आपल्या जिवाला शरीराचा पाहुणा आणि सोबती म्हणतो. तिथून माझा पाय निघेना.

पुढे शहराच्या तटबंदीत हे थडगं जोडून घेतलं आणि त्याचा किल्ला झाला. 537 मध्ये गॉथ लोकांनी वेढा दिला तेव्हा आतल्या सैनिकांनी थडग्यावरचे संगमरवरी पुतळे फोडून शत्रूच्या डोक्यात घातले, सम्राटाच्या मानासाठी उभे केलेले पुतळे शेवटी धोंडे म्हणून कामी आले, वाईट वाटलं ऐकून, पण जीव वाचवायचा तर दुसरं काय करणार ती माणसं. नंतर पोपांनी ताबा घेतला. व्हॅटिकनपासून इथपर्यंत भिंतीवरून 800 मीटरची वाट आहे, 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा सातवा क्लेमेंट पोप त्या वाटेनं पळत इथे आला, त्याला वाचवताना 147 स्विस गार्ड, म्हणजे पोपचे अंगरक्षक, मेले आणि तो सात महिने आत कोंडून राहिला. त्या वेळी किल्ला लढवणाऱ्यांत चेल्लिनी नावाचा सोनार-शिल्पकार होता. अकरा वर्षांनी त्यालाच याच किल्ल्यात कैदी म्हणून टाकलं, चादरींचे दोर करून उतरला, पाय मोडला. पोपांच्या दालनांतली सोनेरी चित्रं आणि खालच्या अंधारकोठड्या यांत जिन्याचंच काय ते अंतर आहे.

आम्ही जुन्नरचे, त्यामुळे मला सारखा शिवनेरी आठवत होता. तिथेही डोंगराच्या पोटात शिवकाळाच्या कितीतरी आधीची बौद्ध लेणी आहेत, आणि बहुतेक लोक शिवजन्मस्थान बघून थेट खाली उतरतात. रोममध्ये वाटच अशी आखलीय की थडगं, किल्ला, तुरुंग, महाल सगळं क्रमानं पायाखालून जातं, काही चुकत नाही. शिवनेरी 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, तिथेही लेण्यांपासून सुरू होणारी अशी एक वाट आणि मराठीत नीट माहिती देणारे फलक असावेत असं मनापासून वाटतं.

टूरवाल्यांना तुमच्या पेपरातून एकच विनंती, या जागेला निदान दोन तास द्या. आणि स्वतः जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, बंद असतं. चढ आणि पायऱ्या भरपूर आहेत, गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा पण गच्चीपर्यंत जाच. डोक्यावर तलवार म्यान करणारा ब्राँझचा देवदूत, समोर सेंट पीटर्स चर्चचा घुमट आणि खाली हेड्रियननंच बांधलेला पूल. आम्ही वर होतो तेव्हा त्या पुलाशी आणखी एका ग्रुपचे लोक घाईघाईनं फोटो काढत होते, त्यांना हाक मारून वर बोलवावं असं वाटत होतं.

– एक वाचक, जुन्नर