आप्पा, पैसे नकोत, चक्राच्या दात्यांचं सांगा

॥ श्री ॥

मेलबर्न,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आप्पा आणि आईस,
सा. न. वि. वि.

दादाचा परवा फोन आला. म्हणाला, आप्पांनी गिअरच्या सायकलीसाठी पन्नास हजार बाजूला काढून ठेवलेत, खातं नंबर पाठव. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणे, माझ्या सायकल रेसचे फोटो आपल्या सायकलच्या दुकानात मोबाइलवर दाखवले, आप्पांनी चष्मा लावून मागचं चाक निरखून बघितलं आणि म्हणाले, "सगळ्यांच्या सायकलींना गिअर आहेत, हिच्या नाही. पोरगी पैशाला कमी पडत असणार, सांगत नाही."

आप्पा, रात्रभर ते वाक्य डोक्यात होतं. म्हणून फोनवर न बोलता लिहायला बसले. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि आईकडे देता. हे कागद फोटो काढून दादाला पाठवते, तो दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचून दाखवेल.

पैसे आहेत. पगार वेळेवर होतो, घरभाडं देऊन शिल्लक राहते. सायकल बिनगिअरची आहे कारण मला तीच हवी आहे.

आधी रेस कशी असते ते सांगते, कारण तुमच्या डोळ्यांसमोर मुंबई-पुणे रेस असणार, बोरघाट आणि घाटाचा राजा. ही तशी नाही. हिला क्रिटेरियम म्हणतात, बोलताना नुसतं क्रिट. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं नसतं. एक-दीड किलोमीटरचा बंद रस्ता, त्याच्यावर फेऱ्या मारायच्या. आमच्या गटाला चाळीस मिनिटं आणि वर तीन फेऱ्या. शेवटच्या फेरीला घंटा वाजते, शाळेच्या घंटेसारखी. क्लब लोकांना ए, बी, सी, डी अशा गटांत टाकतो. बाई-पुरुष किंवा वय बघून नाही, पायातला जोर बघून. मी सी मध्ये आहे. माझ्या शेजारी पासष्ट वर्षांचे निवृत्त मास्तरही असतात आणि सोळा वर्षांचा पोरगाही.

जागा म्हणाल तर आपल्या कुपवाड एमआयडीसीसारखी कारखान्यांची वसाहत. रविवारी सगळं बंद, फरशांची गोदामं, रंगाची दुकानं, शटर खाली. सकाळी साडेसहाला आम्ही चार-पाच जण खराटे घेऊन वळणं झाडतो. खडी आणि काचा. प्रत्येक सभासदाला वर्षातून काही वेळा ही पाळी घ्यावीच लागते, नाहीतर झेंडा घेऊन वळणावर उभं राहावं लागतं. आप्पा, तुम्ही दुकान उघडल्यावर आधी पुढची जागा झाडायचात, पाणी मारायचात, मग पहिलं पंक्चर. खराटा हातात घेतला की मला तेच आठवतं.

आता सायकल. जुनी मॅल्व्हर्न स्टारची स्टीलची फ्रेम, शेजारच्या आजीच्या गॅरेजमध्ये टांगलेली होती. ही कंपनी इथल्याच मॅल्व्हर्न नावाच्या उपनगरात सुरू झाली, एका रेसरनं रेसच्या बक्षिसातून दुकान टाकलं. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचा आडव्या आहेत, म्हणजे चाक मागेपुढे सरकवून चेन ताणता येते, आपल्या काळ्या सायकलींसारखीच. सगळी खोलली, छर्रे बदलले, पायडलच्या मधला बी. बी. एक्सल नवा टाकला, चाकांची आउट, म्हणजे वाकडेपणा, स्वतः काढली. पुढच्या चक्राला ४८ दाते, मागे १६ दात्यांचं फ्रीव्हील, दोन्ही चाकांना ब्रेक. फ्रीव्हील नसलेली, म्हणजे पायडल थांबवताच न येणारी फिक्स सायकल या रेसला चालत नाही. घोळक्यात ते धोक्याचं, आणि वळणावर सायकल कलली की आतलं पायडल रस्त्याला लागतं. माझी चालते.

हिशेब तुम्हाला आवडेल म्हणून देते. ४८ ला १६, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे तीन फेरे, सहा मीटर तीस सेंटिमीटर. दुकानातल्या ४४-१८ दात्यांच्या सायकलीला साधारण पाच मीटर चाळीस पडतात. आमचा गट ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास जातो, तेव्हा मला मिनिटाला ९५ फेरे मारावे लागतात. शेवटच्या सरळीवर ताशी ४८ किलोमीटर गाठायचे तर १२७. बाकीचे गिअर बदलतात आणि ९५ वरच राहतात. मला पाय पळवायचे.

त्यामुळे मला भीती समोरच्या वाऱ्याची नाही. समोरून वारा असला की सगळेच सावकाश होतात आणि मी पुढच्याच्या चाकामागे आडोशाला बसते. भीती पाठीवरच्या वाऱ्याची. पहिल्या रेसमध्ये तसंच झालं. पाठीवर वारा आला, सगळ्यांनी मोठा गिअर टाकला, आणि मी १३० फेरे मारत सीटवर उसळत राहिले तरी अंतर वाढतच गेलं. सातव्या फेरीला एकटी पडले. वाईट वाटलं खूप.

पण मग शिकले. वळणात वेग सोडायचाच नाही. बाकीचे ब्रेक मारतात, गिअर खाली टाकतात, वळतात आणि परत उचलतात. मला उचलणं महाग, म्हणून मी बाहेरून येते, आतल्या कडेला टेकते आणि बाहेर निघते, ब्रेकला बोट नुसतं टेकलेलं, बाहेरचं पायडल खाली. प्रत्येक वळणात थोडं थोडं वाचतं. दुसरं, कान. कुणी पळायच्या बेतात असला की आधी गिअर टाकतो, आणि मागून "टक्" असा आवाज येतो. दोन-तीन "टक् टक्" एकदम आले की मी त्याच क्षणी पाय वाढवते. त्यांचं चाक हलायच्या आधी मी त्यांच्या मागे असते. स्वतःला गिअर नसल्यामुळे माझे कान-डोळे सगळे दुसऱ्यांच्या सायकलींवर असतात. दुकानात गिऱ्हाईक सायकल ढकलत आणायचं आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "मागच्या चाकाचा कोन सैल आहे." मला ती जादू वाटायची.

एक चूक झाली तीही सांगते. ऑगस्टमधली सरावाची रेस. निघताना घाईत मागचे नट पान्यानं नीट आवळले नाहीत, चेनही बघितली नाही. शेवटून दुसऱ्या फेरीला सीटवरून उठून जोर लावला आणि एक्सल खाचेत सरकला. चाक तिरकं होऊन चिमट्याला घासलं, चेन उतरली. मी घोळक्याच्या शेवटी होते, उजवा हात वर केला, बाजूला झाले, कुणी पडलं नाही. पण पुढे असते तर माझ्यामागच्या वीस जणांचं काय झालं असतं, या विचारानं हात थरथरत होते. आप्पा, चेन दोन बोटांनी वर-खाली करून अर्धा इंच खेळ आहे का बघायचं, आणि पायडल फिरवून चार ठिकाणी बघायचं, कारण चक्र थोडं तरी केंद्रातून सरकलेलं असतंच, हे तुम्ही मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. आता निघायच्या आधी आणि रेषेवर उभं राहायच्या आधी, दोनदा बघते. त्याशिवाय पाठीवर रेसचा नंबर लावत नाही.

गिअर घेणार नाही याचं आणखी एक कारण आहे, ते एका माणसाचं. त्याचं नाव ह्युबर्ट ऑपरमन. इथे सायकलवाले त्याला अजून "ऑपी" म्हणतात. १९२८ मध्ये, चोवीस वर्षांचा असताना, तो चौघांच्या छोट्या संघातून फ्रान्सला टूर द फ्रान्समध्ये उतरला. समोर दहा-दहा जणांचे संघ. त्या काळी त्या रेसमध्ये गिअर बदलायच्या यंत्राला बंदी होती, ती १९३७ मध्ये उठली. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन चक्रं असायची. घाट आला की उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं आणि परत पायडल मारायचं. अशा रेसमध्ये तो अठरावा आला. त्याच वर्षी पॅरिसच्या चोवीस तासांच्या रेसमध्ये कुणीतरी त्याच्या दोन्ही सायकलींच्या चेन कानशीनं घासून ठेवल्या होत्या. त्या तुटल्यावर तो आपल्या दुभाष्याच्या जड सायकलवर बसला, मागे पडला, आणि तरी ती रेस जिंकला. चेन कानशीनं घासणं म्हणजे काय पाप आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि पुढचं ऐका. हाच माणूस नंतर राजकारणात गेला आणि इथला इमिग्रेशन मंत्री झाला. या देशात तेव्हा गोऱ्यांशिवाय इतरांना स्थायिक होणं जवळजवळ अशक्य होतं. मार्च १९६६ मध्ये ऑपरमननं संसदेत जाहीर केलं की युरोपबाहेरच्या शिकलेल्या, कामाच्या माणसांचे अर्ज त्यांच्या योग्यतेवर बघितले जातील. दार सगळं उघडलं नाही, ते १९७३ मध्ये उघडलं. पण फट पडली ती तेव्हा. सांगलीच्या सायकल दुकानदाराची मुलगी इथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तिच्या वाटेवरचा एक दगड या सायकलवाल्यानं हलवलेला आहे. आणि त्यानं वर्षानुवर्षं जिची जाहिरात केली, ती सायकल मॅल्व्हर्न स्टारच. हे मला फ्रेम घेतल्यानंतर सहा महिन्यांनी कळलं. तेव्हापासून त्या फ्रेमला गिअरचा काटा लावायला हात धजत नाही.

आई, तुझ्यासाठी: हेल्मेट घालते, त्याशिवाय रेषेवर उभंच करत नाहीत. गुडघ्याला खरचटलं होतं ते बरं झालं. दसऱ्याला सायकल धुतली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार मिळाला नाही म्हणून बागेतली शेवंतीसारखी पिवळी फुलं वाहिली. दिवाळीचा फराळ पाठवायचा खटाटोप करू नकोस, पार्सलला फार पैसे पडतात आणि चकल्यांचा चुरा होतो. भाजणी कशी करायची तेवढं दादाकडून लिहून पाठव, प्रमाण वाटीच्या मापानं.

आजची रेस सांगायची राहिली. उन्हाळी हंगामातली माझी दुसरी. घंटा वाजली तेव्हा मी पाचवी होते. शेवटच्या वळणात आतून निघाले, पुढे दोघेच राहिले. सरळीवर पाठीवर वारा. पाय इतके फिरले की खाली बघायची सोय नव्हती. एकाला गाठलं, रेषेच्या हातभर आधी दुसऱ्यानं मला गाठलं. तिसरी आले. पंधरा डॉलर मिळाले, ते पाकिटासकट आप्पांच्या फोटोपुढे ठेवलेत. फोटोतले आप्पा अजून चाकाची आउट काढतायत, तोंडात स्पोकची चावी धरून.

पुढच्या रविवारी परत रेस आहे. माझ्याकडे १६ बरोबर आता १७ चं फ्रीव्हील पण आहे. १७ लावलं तर वळणातून उचलायला हलकं जातं, पण शेवटच्या सरळीवर ताशी ४८ च्या वेगाला १३५ फेरे पडतात, आणि आज १२७ लाच माझं कंबरडं हलत होतं. दक्षिणेचा वारा असला तर सरळीवर तो समोरून येतो, मग १७ बरं. उत्तरेचा असला तर पाठीवर. अंदाज अजून पक्का नाही. शनिवारी धनत्रयोदशीला दुकान बंद झाल्यावर फोन करते, तोवर विचार करून ठेवा. आणि १७ च्या फ्रीव्हीलमध्ये थोडी कुरकुर आहे, रॉकेल घालून धुतलं तर जाईल की उघडून छर्रे बघू?

दादा-वहिनीला नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुमची,
थोरली