जामीन मिळूनही आत राहिलेल्या मुलांचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

निरीक्षणगृहातून मुले पळाल्याची बातमी अधूनमधून छापून येते. भिंत किती उंच होती, रखवालदार किती होते, अधीक्षकांना कारणे दाखवा नोटीस निघाली की नाही, हे सारे त्या बातमीत असते. पण ती मुले आत किती दिवसांपासून होती, त्यांच्या चौकशीची पुढची तारीख कोणती होती आणि त्यांना वकील मिळाला होता का, याचा उल्लेख सहसा नसतो. कायद्याच्या दृष्टीने खरे महत्त्व या प्रश्नांना आहे. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर वकील म्हणून काम केल्यामुळे त्याबद्दल चार गोष्टी आपल्या वाचकांपुढे मांडाव्यात असे वाटते.

आपण सगळे ज्याला सरसकट बालसुधारगृह किंवा रिमांड होम म्हणतो, त्या जागा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार वेगवेगळ्या आहेत. चौकशी चालू असेपर्यंत मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात. चौकशीअंती त्याने अपराध केल्याचे ठरले आणि ही चौकशी करणाऱ्या बाल न्याय मंडळाला आवश्यक वाटले, तर त्याला जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी विशेष गृहात पाठवता येते. म्हणजे निरीक्षणगृहातला मुलगा अद्याप दोषी ठरलेला नाही. याच कायद्याचे कलम ३ अठरा वर्षांखालील प्रत्येक मूल गुन्हेगारी हेतूपासून मुक्त आहे असे गृहीत धरायला सांगते, आणि संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानते. त्याला तिथे ठेवण्यामागे शिक्षेचा हेतू असूच शकत नाही, ही साधी गोष्ट त्याच्याशी रोज संबंध येणाऱ्या अनेकांच्या वागण्यात उतरलेली दिसत नाही.

जामिनाचेच पाहा. कलम १२ प्रमाणे गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र, मुलाला जामीन देणे हा नियम आहे आणि नाकारणे हा अपवाद. सुटल्यावर तो ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाण्याची, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका पोहोचण्याची, अथवा त्याच्या सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होण्याची शक्यता सबळ कारणांनी दिसत असेल, तरच जामीन नाकारता येतो आणि ती कारणे मंडळाला लेखी नोंदवावी लागतात. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला, तेव्हा राज्यभर संताप उसळला. दोन तरुण जीव गेले होते आणि तो संताप स्वाभाविक होता. पुढे त्याच मुलाला निरीक्षणगृहात पाठवले गेले. जामीन कायम असताना त्याला असे अडकवून ठेवणे बेकायदा आहे, असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी त्याच्या सुटकेचा आदेश दिला. त्या निकालावर अनेकांनी टीका केली. माझ्या मते न्यायालयाने कायदा जसा आहे तसाच वाचला.

त्या प्रकरणातून जो प्रश्न विचारला जायला हवा होता, तो मात्र कोणी विचारला नाही. त्या मुलाच्या कुटुंबाला महिनाभरात उच्च न्यायालयापर्यंत हेबियस कॉर्पस याचिका (बेकायदा अडकवलेल्या व्यक्तीच्या सुटकेसाठीची याचिका) नेता आली. ज्याचे आईवडील बांधकामाच्या कामावरून दुसऱ्या जिल्ह्यात गेले आहेत, ज्याच्यासाठी जामीनदार उभा करायला कोणी नाही, त्या मुलाला जामिनाचा आदेश झाला तरी तो आतच राहतो. या परिस्थितीचा विचार कायद्याने अगदी नेमका केलेला आहे. कलम १२ च्या चौथ्या पोटकलमात म्हटले आहे की, आदेशानंतर सात दिवसांत जामिनाच्या अटी पूर्ण करणे मुलाला शक्य झाले नाही, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळापुढे हजर केलेच पाहिजे. शिवाय जामीनदाराशिवायही सुटका करता येते. मुलाला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात देण्याची मुभा मंडळाला आहे. मुलाने अर्ज करावा, वकिलाने फी घेऊन उभे राहावे, असे काहीही इथे अपेक्षित नाही. तरीही ही तरतूद माहीत असलेली मुले मला फारशी भेटली नाहीत. त्यांच्या पालकांपैकी तर कोणीच नाही. गरिबाच्या मुलासाठी एवढी सरळ वाट कायद्यात असताना ती न वापरणे हा दोष व्यवस्थेचा आहे, आणि तो दूर करायला नवा कायदा लागत नाही.

बाकीचे हक्कही थोडक्यात सांगते. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत त्याला मंडळापुढे हजर करावे लागते. मोफत वकील मिळवून देणे ही मंडळाची जबाबदारी आहे. चौकशी चार महिन्यांत संपायला हवी आणि मुदतवाढ फार तर दोन महिन्यांची. किरकोळ गुन्ह्याची चौकशी त्यानंतरही अपुरी राहिली, तर ती तिथेच संपते. वयाबद्दल शंका असेल, तर शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला आधी पाहायचा, तो नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. वयाचा हा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अंतिम निकालानंतरसुद्धा, उपस्थित करता येतो. प्रौढांच्या तुरुंगात कोणी मूल अडकलेले नाही ना, हे मंडळाने वेळोवेळी जाऊन पाहायचे असते, ते यासाठीच.

संस्थेच्या आत काय घडते, हे बाहेर कळणे सर्वांत अवघड. शिस्तीच्या नावाखाली मारहाण करणे हा कलम ८२ नुसार गुन्हा आहे आणि ज्यांच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्यांनीच क्रूरता केली, तर कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण तक्रार करायची कोणाकडे? ज्याच्याविरुद्ध बोलायचे तोच रात्री दाराला कुलूप लावणारा असेल, तर कोणताही शहाणा मुलगा गप्पच बसेल. म्हणून बाहेरच्यांच्या भेटींना महत्त्व आहे. मंडळाने दर महिन्याला आणि निरीक्षण समितीने किमान तीन महिन्यांतून एकदा भेट द्यावी, असे कायदा सांगतो. समितीत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असणे बंधनकारक आहे. ही भेट आधी कळवून, स्वयंपाकघर झाडून-पुसून झाल्यावर आणि अधीक्षकांच्या उपस्थितीत मुलांशी बोलून उरकली, तर ती न झाल्यातच जमा.

‘मग पीडितांच्या हक्कांचे काय?’ असे विचारले जाईल आणि ते रास्तच आहे. सोळा वर्षांवरील मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर मंडळाऐवजी बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची सोय याच कायद्यात आहे. त्यातही फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देता येत नाही. परंतु निरीक्षणगृहात येणारी सगळीच मुले अशा आरोपांतली नसतात आणि एका गाजलेल्या प्रकरणाचा राग त्या सर्वांवर काढणे कोणत्याच पीडिताला न्याय देत नाही.

एक विनंती वृत्तपत्रांनाही आहे. कलम ७४ नुसार मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. डोळ्यांवर काळी पट्टी टाकून शेजारी गल्लीचे नाव दिल्याने हे बंधन पाळले जात नाही.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे माझी मागणी एकच आहे. जामिनाचा आदेश होऊनही सात दिवसांनंतर आत असलेल्या मुलांची संख्या, नावे न देता, प्रत्येक निरीक्षणगृहाकडून दर सोमवारी मागवावी आणि अशा प्रत्येक मुलाला मंडळापुढे कोणत्या तारखेला हजर केले, याची नोंद त्यासोबत घ्यावी. ती संख्या आपण छापलीत, तर पळून गेलेल्या मुलांच्या बातमीइतकीच ती वाचली जाईल.

आपली विश्वासू,
एक वकील वाचक