बाबांच्या लिव्हरबद्दल, आणि थोडं माझ्याबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहितेय. आधी सांगूनच टाकते. बाबांच्या फायब्रोस्कॅनची (लिव्हर किती कडक झालंय ते बघायची तपासणी) पुण्यात वेळ घेतलीय, येत्या अकरा तारखेची. तुम्हाला न विचारता. चुकलंच, पण विचारलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं ते तुम्हालाही ठाऊक आहे.

दहा मिनिटांचं काम. पोटावर गार जेल लावतात, सुई नाही. फक्त तीन तास आधी काही खायचं नाही.

"आयुष्यात थेंब शिवलो नाही, मला कसलं लिव्हर!" खरंय बाबा. पण लिव्हरमध्ये चरबी साठायच्या या दुखण्याला दारू लागतच नाही. २०२३ साली त्याचं वैद्यकीय नावच बदललं, आणि हे दुखणं आहे का ते ठरवताना ज्या खुणा पाहतात त्यांत १३०/८५ किंवा त्यावरचं बीपी आहे, बीपीची गोळी चालू असणंही आहे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की लिव्हरमध्ये चरबी साठते, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि बीपी चढतं. म्हणजे तुमची गोळी आणि सोनोग्राफीतली ती 'ग्रेड टू' चरबी एकाच घरातल्या निघाल्या. अशा लोकांना लिव्हरपेक्षा हृदयाचा धोका जास्त. घाबरवत नाहीये. ८२ किलोंचे ७५ झाले तरी लिव्हरची सूज उतरू शकते. मात्र सावकाश, नाहीतर या वयात चरबीबरोबर मांसही झडतं.

आई, त्यांना उपास करू देऊ नकोस. एकादशीची खिचडी तुझी तू खा. मूग, अंडं, ताक चालेल, ताकात मीठ नको. पापड-लोणच्याची बरणी वरच्या फळीवर, स्टूलही लपव. गुळवेलीचा काढा आजपासून बंद. त्यानं लिव्हर सुजलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. गुडघ्याची गोळीही मनानं घ्यायची नाही, तिनं बीपी वाढतं.

इकडे पलंग खिडकीशी लावलाय, पेपर सांगून ठेवलाय. पाचचा चहा मी करीन. हसू नका, उठेन. तुळशीला पाणी शेजारच्या काकू घालतील, बोललेय त्यांच्याशी.

चौथीत मला कावीळ झाली तेव्हा मी महिनाभर मऊ भात खात होते आणि तुम्ही, बाबा, रविवारची भजी सोडली होतीत. "मला पित्त होतं," म्हणालात. पित्त नव्हतं ते. मला कळायला फार वर्षं लागली.

आता माझ्याही घरात लोणचं बंद आहे. मला पित्त होतं.

निघेपर्यंत रोज सकाळी गोळीआधी बीपी मोजा. पाच मिनिटं टेकून बसून, न बोलता (आई, हे तुलाही). आकडा कॅलेंडरवर लिहा, खरा. आणि जुने रिपोर्ट निळ्या पिशवीत घाला, लग्नपत्रिकांच्या नको.

तुमची,
छोटी