गजर वाजला, पण किल्ली कुणाकडे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या श्रावणात पहाटे साडेपाचला मी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. वय ७३, घरात एकटी. फोन पलंगावर चार्जिंगला आणि दाराला आतून कडी. आठला कामाच्या मावशी आल्या, बेल वाजवून थकल्या आणि त्यांनी वॉचमनला बोलावले. आधी बाहेरचे दार तोडले, मग बाथरूमची कडी. हाड मोडले नाही. पण मी आयुष्यभर परिचारिका होते. एका कुशीवर तासन्‌तास पडून राहिले की दाबाखालचे स्नायू खराब होतात आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, हे मला ठाऊक होते. ओल्या फरशीवरच्या त्या अडीच तासांत मी तेच आठवत होते.

मुलगा नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅमला असतो. त्याला घरात कॅमेरे लावायचे होते. मी साफ नाही म्हटले. माझे घर आहे, मी कशी बसते, काय नेसते हे कुणी पाहत राहू नये. शेवटी हालचाल टिपणारे सेन्सर लावले. ते चित्र घेत नाहीत, अंगाच्या उष्णतेची हालचाल तेवढी ओळखतात. सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल दिसली नाही की मुलाला संदेश जातो. मनगटाला पाणी चालणारे बटण आहे. आधी गळ्यातले दिले होते, ते अंघोळीच्या वेळी खुंटीवर राहायचे, म्हणजे जिथे पडण्याची भीती तिथेच नाही. बाथरूममध्ये ओढायची दोरीही आहे, पार जमिनीपर्यंत सोडलेली. कमरेच्या उंचीवर बांधलेली दोरी पडलेल्या माणसाच्या हाताला लागत नाही.

गॅसचा गजर बसवताना एक चूक होता होता राहिली, ती सर्वांसाठी लिहिते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून त्याचा गजर जमिनीलगत हवा. पाइपचा गॅस हलका, त्याचा गजर छताजवळ. बसवायला आलेला मुलगा पाइपच्या गॅसचा गजर ओट्याखाली लावत होता! वयोमानाने वास कमी येतो, तेव्हा हे यंत्र आमच्यासारख्यांना फार गरजेचे आहे. गॅस गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा गजर वेगळा घ्यावा लागतो, कारण त्या वायूला वासच नसतो.

आता मुख्य मुद्दा. जानेवारीत तापाने मला उशिरापर्यंत झोप लागली. इथे सकाळचे आठ वाजले, तेव्हा रॉटरडॅममध्ये पहाटे साडेतीनला सेन्सरच्या संदेशाने मुलाचा फोन वाजला. मी उचलेना, तेव्हा त्याने शेजारच्या वहिनींना उठवले. त्या पंधरा मिनिटे दार बडवत होत्या, कारण किल्ली कुणाकडेच नव्हती. सेन्सरने त्याचे काम चोख केले होते, पण समुद्रापलीकडच्या माणसाला ते कळून माझे दार कसे उघडणार?

त्या दिवसानंतर आमच्या इमारतीतल्या आम्ही चार एकट्या बायकांनी किल्ल्यांची अदलाबदल केली. संदेश आता आधी वहिनींना जातो, मग मुलाला. बाथरूमला बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी बसवली. आतून साखळी लावायची सवय मोडायला मात्र मला महिना लागला. मनातून भीती जात नव्हती.

माझी सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक इमारतीत एकटे राहणारे कोण, त्यांची किल्ली कुणाकडे आणि गजर वाजल्यावर पहिले कोण धावणार, हे लिहून ठेवावे. १०८ची रुग्णवाहिका दाराशी येईल, दार उघडणारा माणूस आपल्यातलाच लागतो.

शासनाकडेही एक मागणे आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, वार्षिक २ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी ३,००० रुपये ठरवले आहेत. त्या यादीत मनगटाचे बटण आणि गॅसचा गजर घालावा. ज्यांची मुले परदेशी नाहीत, ज्यांना हे कुणी आणून देणार नाही, त्या आजी-आजोबांना त्याची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
कोथरूड, पुणे