ऋणनिर्देशातलं राहिलेलं नाव

हर्णै,
नागपंचमी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची प्रुफं परवा मिळाली, दोन रात्री जागून वाचली. आगबोटीचं प्रकरण फार छान उतरलंय. बोट खोल पाण्यात उभी आणि माणसं पडावातून किनाऱ्याला येतायत, हे माझी आजी सांगायची तस्संच. पण शेवटचं ऋणनिर्देशाचं पान मनाला लागलं. प्रकाशक आहेत, सर आहेत, मैत्रिणी आहेत, मी आणि बाबाही आहोत. वाचनालयातल्या बाई कुठे आहेत गं?

दोन वर्षांपूर्वीचा जुलै आठव. 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली हे तुला ठाऊक होतं. त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं हवी होती. बाहेर पाऊस कोसळत होता, लाइट गेलेले. बाईंनी स्टुलावर चढून बांधीव फाइल खाली काढली, तर पानं ओलीनं एकमेकांना घट्ट चिकटलेली. तू ओढायला गेलीस, त्यांनी तुझा हात धरला. मग जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून त्यांनी पातळ पट्टी आत सारत एकेक पान सोडवलं आणि मध्ये टीपकागद घातला. तू मोबाइलच्या उजेडात मजकूर उतरवून घेण्यात गढलेली होतीस. मी बाकावर बसून त्यांचे हात बघत होते.

आपल्याकडे चार महिने हवेत ओल असते. बुरशी, कसर, वाळवी, सगळ्यांशी झगडायचं ते डांबरगोळ्या आणि कडुलिंबाच्या पाल्यावर. पावसाळा सरला की कपाटं रिकामी करून पुस्तकांना वारा द्यायचा. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. एवढे पावसाळे ती पुस्तकं आपोआप तगली नाहीत. आणि २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली, तेव्हा वाचनालयातल्या पुस्तकांचं काय झालं ते आपण पाहिलंच. भिजलेल्या कागदाचा तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

सरांनी तुला जुन्या प्रवासवर्णनांची यादी दिली, तीही मुळात शंकर गणेश दात्यांच्या ग्रंथसूचीतली. १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी पुस्तकं त्या गृहस्थानं शोधून नोंदवून ठेवली. आपण लिहिणारी माणसं अशा किती जणांच्या खांद्यावर बसतो!

१९६७ चा ग्रंथालय कायदा आला, वाचनालयांना वर्गवारीनं अनुदान मिळू लागलं, ते चांगलंच झालं. पण छोट्या वाचनालयातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याला जे पडतं, ते सांगायला मला लाज वाटते. तरी बाई संध्याकाळी कुलूप लावण्याआधी खिडक्यांच्या फटीत कापड कोंबून जातात, झड आत येऊ नये म्हणून.

तेव्हा छपाईला जाण्याआधी ते पान बदल. नुसतं 'वाचनालयातील कर्मचारी' असं लिहू नकोस. त्यांचं पूर्ण नाव, आडनावासकट, त्यांनाच फोन करून विचारून घे. पुस्तक आलं की पहिली प्रत मला नको, त्यांना दे. दाखल नोंदवहीत त्या स्वतःच्या हातानं क्रमांक घालतील. तेव्हा मी तिथे असेन.

तुझी,
आई